कुटुंबप्रमुख अण्णा कर्वे : एका घराच्या विद्यादानाचा वृत्तांत

ज्युबिलीचें वर्ष हें कृतज्ञतेचें वर्ष होय. ज्यांनीं आपणांपूर्वीं कष्ट केले त्यांचीं नांवें या वर्षीं आपण आवर्जून उच्चारतों, त्यांच्या तसबिरी पुसून पुन्हां भिंतीवर लावतों, आणि देवळांतील संगमरवरी पाटीवरचीं अक्षरें मुलांना वाचून दाखवितों. हें सर्व योग्यच आहे. तथापि अशी पाटी वाचतांना एक विचार आमच्या मनांत येतो. पाटीवर नांव एकाचें असतें. परंतु त्या एका नांवामागें एक सबंध घर उभें असतें, आणि त्या घरांतील इतर माणसांनीं काय सोसलें हें दगडावर कोरण्याची रीति नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका घराचा वृत्तांत वाचकांपुढें ठेवणार आहों.

तें घर आपल्या धर्मग्रामांतील नव्हे, व आपल्या धर्माचेंही नव्हे. परंतु सत्कृत्य कोठेंही घडलें असलें तरी त्याचा आदर करावा, अशीच शिकवण आपणांस मिळाली आहे. शिवाय हें घर मुळांत कोंकणांतलें. समुद्राचा वारा, नारळीची सावली आणि पैशाची ओढाताण या तिन्ही गोष्टी आपल्याप्रमाणेंच त्याच्याही ओळखीच्या होत्या. या घराचे कर्ते पुरुष म्हणजे महर्षि धोंडो केशव कर्वे. एकशें चार वर्षांच्या आयुष्यांतील बहुतेक सारा काळ त्यांनीं स्त्रियांच्या शिक्षणासाठीं वेंचला. घरचीं माणसें त्यांना अण्णा म्हणत, आणि पुढें हजारों मुली त्यांना त्याच नांवानें ओळखूं लागल्या.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजीं शेरवली येथें आजोळीं झाला; त्यांचें गांव मात्र दापोली तालुक्यांतील मुरुड. घराणें एके काळीं संपन्न होतें, परंतु अण्णांच्या जन्माच्या वेळीं त्या संपत्तीची केवळ आठवण उरली होती. वडील परगांवीं नोकरी करीत व प्राप्ति बेताची असे. अशा स्थितींतही आई लक्ष्मीबाईंनीं मुलांच्या मनाचा कणा ताठ ठेविला होता. बडोदें दरबारच्या वतीनें ब्राह्मणांस दक्षणा वांटली जात असतां, आपल्या मुलानें तेथें जाऊन हात पसरूं नये असें या माउलीनें निक्षून सांगितलें. घरांत पैशाची निकड असतां आलेला पैसा नाकारणें सोपें नसतें. पुढें ज्या पुरुषानें परक्या स्त्रियांसाठीं लक्षावधि रुपये मागून आणिले, त्याला स्वतःसाठीं कांहीं न मागण्याचा पहिला धडा आईनें दिला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

दुसरा धडा गांवच्या शिक्षकांनीं दिला. मुरुडच्या शाळेंतील सोमण गुरुजी हे केवळ पुस्तकें शिकवून थांबणारे नव्हते. गांवकऱ्यांस जगांतील घडामोडी कळाव्या म्हणून वर्तमानपत्रें मोठ्यानें वाचून दाखविण्याचें काम त्यांनीं धोंडूकडे सोंपविलें, आणि तो मुलगा दुर्गादेवीच्या देवळांत बसून तें काम करूं लागला. विद्या ही आपल्यापुरती नसून गांवासाठीं असते हें मुलाला तेथें उमगलें असावें.

त्या काळीं खेड्यांतील मुलाला पुढील परीक्षा देणें किती कठीण होतें याची कल्पना आजच्या वाचकास सहसा येणार नाहीं. १८७५ सालीं सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेस बसण्यासाठीं कर्वे कांहीं सोबत्यांसह मुरुडहून साताऱ्यास निघाले. पावसाळी हवेमुळें समुद्रमार्गाचा भरंवसा नव्हता. म्हणून हीं मुलें पाठीवर ओझें घेऊन, घाट चढून, शंभर मैलांहून अधिक वाट पायीं तुडवीत साताऱ्यास पोहोंचलीं. परीक्षेस वयाची सतरा वर्षें पूर्ण असावीं असा नियम होता. कर्वे अंगानें किरकोळ; त्यांचें वय इतकें असेल हें परीक्षक मंडळींस पटेना, आणि त्यांना परीक्षेस बसूं न देतां परत पाठविण्यांत आलें. पुढील वर्षीं कोल्हापुरास जाऊन त्यांनीं तीच परीक्षा दिली व ते उत्तीर्ण झाले. दारापर्यंत जाऊन परत फिरावें लागणें म्हणजे काय याचा अनुभव त्यांनीं असा लहानपणींच घेतला होता. ज्यांच्यासाठीं विद्येचें दार मुळींच उघडत नव्हतें त्यांच्याविषयीं त्यांना आयुष्यभर कळवळा वाटला, त्याचें एक मूळ आम्हांस येथें दिसतें.

पुढें मुंबईस येऊन त्यांनीं इंग्रजी शिक्षण घेतलें. वय वाढलेलें, हातीं पैसा नाहीं, अशा स्थितींत शिकवण्या करीत १८८१ सालीं ते मॅट्रिक झाले आणि १८८४ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांतून गणित विषय घेऊन बी. ए. झाले. त्या काळच्या चालीप्रमाणें त्यांचा विवाह लहानपणींच राधाबाईंशीं झाला होता. पदवीनंतर मुंबईंतील निरनिराळ्या शाळांतून गणित शिकवून ते संसार चालवीत. गांवास ते विसरले नाहींत. मुरुडच्या लोकांनीं आपल्या मिळकतींतून थोडाथोडा अंश बाजूस काढावा व त्यांतून गांवाच्या उपयोगाचीं कामें व्हावीं, या हेतूनें त्यांनीं ‘मुरुड फंड’ सुरू केला. आपल्या बऱ्याच धर्मग्रामांचे निधि अशाच चिमूटभर दानांतून उभे राहिले आहेत. म्हणून या फंडाचें मोल आपणांस समजावून सांगावयास नको.

१८९१ सालीं राधाबाई निवर्तल्या. थोरला मुलगा रघुनाथ त्या वेळीं नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षीं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे अध्यापक म्हणून कर्वे यांना बोलावणें आलें, व ते पुण्यास राहावयास गेले. तेथें १९१४ पर्यंत त्यांनीं शिकविलें. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदास तेव्हां दरमहा पंचाहत्तर रुपये वेतन मिळे. या लहानशा आंकड्याकडे वाचकांनीं लक्ष द्यावें, कारण पुढील सर्व कथा त्याच्याशीं निगडित आहे.

पुरुष विधुर झाला कीं वर्षाच्या आंत त्याच्यासाठीं दहाबारा वर्षांची मुलगी पाहावयाची, ही त्या समाजाची रीति होती. उलट स्त्री विधवा झाली, मग ती आठ वर्षांची कां असेना, तिच्या आयुष्याचे दिवस संपले असें समजावयाचें. हा अन्याय कर्वे यांना सहन होईना. पुन्हां विवाह करावयाचा तर विधवेशींच करीन, असा त्यांनीं निश्चय केला.

मुंबईस असतांना नरहरपंत जोशी हे त्यांचे जिवलग स्नेही होते. त्यांची बहीण गोदूबाई हिचा विवाह आठव्या वर्षीं झाला आणि तीन महिन्यांच्या आंत तिचा पति वारला. पुढचीं पुष्कळ वर्षें तिनें सासरीं राबण्यांत काढलीं. अखेर नरहरपंतांनीं तिला मुंबईस आणिलें, आणि १८८९ सालीं पंडिता रमाबाईंनीं शारदासदन उघडलें तेव्हां तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून गोदूबाईचें नांव दाखल झालें. पंडिता रमाबाई या १८८३ सालीं ख्रिस्ती झालेल्या होत्या. त्यांच्या सदनावर पुढें धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठें वादळ उठलें, आणि १८९३ सालीं अनेक पालकांनीं आपल्या मुली तेथून काढून नेल्या. त्या वादाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु कर्वे यांच्या घरांत ज्या गृहिणीनें पाऊल ठेविलें तिला अक्षरओळख व आत्मविश्वास या दोन्ही वस्तु एका ख्रिस्ती विदुषीच्या शाळेंत मिळाल्या होत्या, हें इतिहासास धरून सांगणें अवश्य आहे.

११ मार्च १८९३ रोजीं पुण्यांत हा पुनर्विवाह झाला. गोदूबाईचें नांव आनंदीबाई ठेवण्यांत आलें. घरांत व पुढें सर्वत्र त्या बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. विवाहानंतर अण्णा पत्नीसह मुरुडास गेले तेव्हां काय घडलें? ज्या गांवासाठीं त्यांनीं फंड उभारला होता त्याच गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांच्या पंक्तीस कोणीं बसावयाचें नाहीं, आणि आईनें त्यांना घरांत घेतलें तर तिच्यावरही बहिष्कार पडावयाचा. आईला व भावंडांना दुसऱ्यांच्या धाकानें आपल्याच मुलापासून दूर राहावें लागलें. अण्णांनीं कोणावर राग धरला नाहीं. गांवाचें काम त्यांनीं सोडलें नाहीं आणि घेतलेला निश्चयही सोडला नाहीं.

एका विवाहानें एका स्त्रीचा प्रश्न सुटला. बाकीच्या हजारोंचें काय, हा विचार त्यांना स्वस्थ बसूं देईना. प्रारंभीं पुनर्विवाहाच्या चळवळीस त्यांनीं हातभार लाविला. पुढें त्यांच्या ध्यानांत आलें कीं, पुनर्विवाहास तयार होणाऱ्या स्त्रिया थोड्या. परंतु शिकून स्वतःच्या पायांवर उभें राहण्याची गरज मात्र सर्वांना आहे. म्हणून १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना केली, आणि आपल्या शिलकेंतील एक हजार रुपये प्रथम स्वतः दिले. मग इतरांकडे मागावयास ते निघाले. प्लेगामुळें पुणें शहरांत राहणें अवघड झालें, तेव्हां १९०० सालीं आश्रम शहराबाहेर हिंगणें येथें नेण्यांत आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनीं त्यासाठीं सहा एकर जमीन व झोंपडी उभारण्यास साडेसातशें रुपये दिले होते. आज ज्या ठिकाणीं मोठमोठ्या इमारती व रहदारीचा गजबजाट आहे, तेथें तेव्हां माळरान होतें आणि त्या माळावर ही एकच झोंपडी होती.

कॉलेजांतील काम आटोपल्यावर अण्णा सायंकाळीं पुण्याहून हिंगण्यापर्यंत सुमारें चार मैल चालत जात. पावसाळ्यांत वाट चिखलानें भरे, अंधारांत पाय घसरत, तरी जाण्यांत खंड पडत नसे. बरोबर आश्रमासाठीं लागणारें सामान असे. तेथें विधवा मुलींना शिकवावयाचें, त्यांची विचारपूस करावयाची, जमाखर्च लिहावयाचा, आणि कॉलेजच्या वेळीं पुन्हां पुण्यांत हजर राहावयाचें, असा त्यांचा क्रम होता. मिळालेल्या प्रत्येक आण्याचा हिशेब ते स्वतः काटेकोरपणें ठेवीत. लोकांचा विश्वास हेंच आपलें भांडवल आहे हें त्यांनीं ओळखलें होतें. त्याच कारणास्तव आश्रमांत पुनर्विवाहाचा प्रचार करावयाचा नाहीं असा दंडक त्यांनीं स्वतःवर घालून घेतला. आपल्या मुली शिकण्यासाठीं येथें ठेविल्या तर शिकूनच परत येतील, अशी पालकांची खात्री पटावी हा त्यांत हेतु होता.

आतां आम्ही वृत्तांताच्या कठीण भागाकडे वळतों. विश्वास राखण्याच्या या दंडकाचा भार कोणावर पडला? तो बायांवर पडला. पुनर्विवाह केलेल्या स्त्रीचा वावर आश्रमांत दिसला तर सनातनी पालक बिचकतील, म्हणून पहिल्या काळांत बायांना आश्रमापासून दूर राहावें लागलें. ज्या स्त्रीच्या दुःखांतून त्या कार्याची प्रेरणा मिळाली, तिलाच त्या कार्याच्या उंबरठ्याबाहेर थांबावें लागलें. पति रोज सायंकाळीं परक्या मुलींना शिकवावयास जात. इकडे पुण्यांत लहान मुलें, आजारपणें आणि पंचाहत्तर रुपयांचा संसार हें सर्व बायांच्या शिरावर असे. लोकांची निंदा दोघांच्याही वाट्यास आली. अण्णांना निदान कार्याचें समाधान होतें. बायांना तेंही पुष्कळ वर्षें मिळालें नाहीं.

तरीही बाया रडत बसणाऱ्यांपैकीं नव्हत्या. संसारास हातभार लागावा म्हणून त्या नागपुरास जाऊन सुईणीचें काम शिकून आल्या, आणि पुण्यांत तें काम करूं लागल्या. घरीं निराधार मुलींना व मुलांना आश्रय देऊन त्यांचें जेवणखाण त्यांनीं केलें. आश्रमाची हकीकत लिहितांना या स्वयंपाकघराची हकीकत लेखक बहुधा गाळतात. आमच्या मतें ती गाळली तर इतिहास अपुरा राहतो.

याच काळांत एक प्रसंग घडला, त्याचा उल्लेख टाळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. अण्णांनीं आपल्या आयुष्याचा पांच हजार रुपयांचा विमा उतरविला होता. आपल्या पश्चात् बायकामुलांस कांहीं आधार असावा म्हणून माणूस विमा उतरवितो. अण्णांनीं ती विम्याची रक्कमही आश्रमाच्या नांवें करून टाकली. बायांना हें रुचलें नाहीं. उद्यां कांहीं बरेंवाईट झालें तर पदरांतील मुलांनीं कोणाच्या दाराशीं जावें, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो कोणत्याही आईचा असता.

या प्रसंगीं न्याय कोणाच्या बाजूनें होता? सेमिनरींत नीतिशास्त्र शिकतांना न्याय आधीं व औदार्य मागाहून, असा क्रम आम्हांस शिकविण्यांत आला होता. ज्यांचें पोषण करणें हें माणसाचें पहिलें कर्तव्य, त्यांच्या तोंडचा घास काढून दिलेलें दान निर्दोष म्हणतां येत नाहीं. अण्णांच्या बाजूनेंही पुष्कळ सांगण्यासारखें आहे. त्यांच्या मुलांना निदान आईबाप होते. आश्रमांतील कित्येक मुलींना जगांत कोणीच विचारणारें नव्हतें. त्यांनीं घेतलें तें स्वतःच्या चैनीसाठीं घेतलें नाहीं. घरच्या माणसांच्या वाट्यास जें काटकसरीचें जिणें आलें तेंच त्यांनीं स्वतःही पत्करलें. तरीही आम्हांस स्पष्ट म्हणावेंसें वाटतें कीं, तें दान एकट्या अण्णांचें नव्हतें. तें बायांचें व मुलांचेंही दान होतें. मात्र तें त्यांना विचारून दिलें गेलें नाहीं. अण्णांचा मोठेपणा यामुळें कमी होत नाहीं, पण ज्यांनीं त्याची किंमत दिली त्यांचीं नांवें त्यांच्या नांवाशेजारीं लिहिलीं पाहिजेत.

हीं नांवें अनेक आहेत. बायांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा. मोठ्या वयांत त्या शिकल्या, हिंगण्याच्या आश्रमाच्या आधारस्तंभ झाल्या, आणि झोळी घेऊन वर्गणीसाठीं गांवोगांव हिंडल्या. इंग्रजीचें व गृहशिक्षणाचें ज्ञान मिळावें म्हणून १९१८ सालीं त्या अमेरिकेस गेल्या, आणि तेथें लोकांच्या घरीं काम करून त्यांनीं आपला निर्वाह चालविला. कोंकणांतील एक विधवा, इंग्रजी जेमतेम येत असतां, इतक्या दूर जाते आणि हातांनीं श्रम करून शिकते, ही गोष्ट आजच्या मुलींनीं मुद्दाम वाचावी अशी आहे.

विधवांचा आश्रम चालूं लागल्यावर अविवाहित मुलींच्या शिक्षणाचीही सोय व्हावी म्हणून १९०७ सालीं महिला विद्यालय निघालें. पुढच्याच वर्षीं, १९०८ मध्यें, या संस्थांना निरपेक्षपणें वाहून घेणारीं माणसें तयार व्हावीं यासाठीं अण्णांनीं निष्काम कर्ममठ स्थापन केला. नंतर जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनांत आली. १९१५ च्या अखेरीस मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. तेथें त्यांनीं हिंदुस्थानांतही स्त्रियांसाठीं स्वतंत्र विद्यापीठ असावें असा विचार मांडला, आणि १९१६ सालीं तो अंमलांत आणिला. त्या वेळीं त्यांचें वय अठ्ठावन्न वर्षांचें होतें. या वयांत पुष्कळ लोक आतां विसावा घ्यावा असें म्हणूं लागतात.

या विद्यापीठाचें एक वैशिष्ट्य आपल्या मराठी वाचकांनीं विशेषेंकरून जाणावें. तेथें उच्च शिक्षणसुद्धां मातृभाषेंतून द्यावयाचें ठरलें. इंग्रजी हा विषय म्हणून राहिला. मुलींची अर्धी शक्ति परक्या भाषेंतील शब्द घोकण्यांत खर्च होऊं नये असा त्यांत विचार होता. प्रारंभीं विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि सरकारची मान्यता नव्हती. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिली, आणि त्यांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ विद्यापीठास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हें नांव मिळालें. कायद्यानें मान्य झालेलें विद्यापीठ हा दर्जा त्यास स्वातंत्र्यानंतर, १९५१ सालीं, प्राप्त झाला. म्हणजे पस्तीस वर्षें तें कायद्याच्या आधारावांचून, केवळ लोकांच्या विश्वासावर चाललें.

अण्णांच्या मुलांचें पुढें काय झालें असें वाचक विचारतील. रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक झाले व पुढें आपल्या निराळ्या मतांच्या मार्गानें गेले. शंकरराव डॉक्टर होऊन पूर्व आफ्रिकेंत स्थायिक झाले. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक होऊन फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. धाकटे भास्करराव यांनीं हिंगण्याच्या संस्थेसच वाहून घेतलें. दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाई यांनीं कांहीं काळ महिला विद्यापीठाचें रजिस्ट्रारचें काम पाहिलें व पुढें मानववंशशास्त्रांत मोठें नांव मिळविलें. त्यांच्या ‘युगान्त’ या ग्रंथास १९६८ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बायांना वाटलेली भीति सुदैवानें खरी ठरली नाहीं. परंतु ती भीति खोटी ठरविण्यासाठीं बायांचेच हात किती वर्षें राबले, हें विसरतां येणार नाहीं.

भास्कररावांच्या पत्नी कावेरीबाई यांनीं एक काम असें केलें कीं, त्याबद्दल मराठी वाचकांनीं त्यांचे ऋणी राहिलें पाहिजे. सासूबाईंच्या आठवणी त्यांनीं लिहून घेऊन सिद्ध केल्या, आणि १९४४ सालीं त्या ‘माझें पुराण’ या नांवानें प्रसिद्ध झाल्या. अण्णांनीं आपलें ‘आत्मवृत्त’ १९१५ सालींच लिहिलें होतें. पण एकाच घराची कथा पति आणि पत्नी या दोघांच्या तोंडून ऐकावयास मिळणें हें भाग्य क्वचितच लाभतें. बाया आपली तक्रार लपवीत नाहींत, आणि पतीविषयींचा आदरही लपवीत नाहींत. सुनेनें लेखणी हातीं घेतली नसती तर बायांची बाजू त्यांच्याबरोबरच, १९५० सालीं, नाहींशी झाली असती.

उत्तर वयांतही अण्णांनीं विश्रांति घेतली नाहीं. १९२९ सालीं, सत्तरी उलटल्यावर, ते विद्यापीठासाठीं युरोप, अमेरिका व जपान या देशांच्या प्रवासास निघाले, आणि त्यानंतर आफ्रिकेंतही वर्गणीसाठीं हिंडले. १९३६ सालीं त्यांनीं महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केलें. ज्या खेड्यांत शाळा नाहीं तेथें शाळा काढावयाची, असें त्या मंडळाचें कार्य होतें. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा वृद्ध पुण्याच्या रस्त्यांनीं पायीं फिरून खेड्यांतील मुलांसाठीं वर्गणी मागे. माणसामाणसांतील उच्चनीच भाव नाहींसा व्हावा म्हणून १९४४ सालीं त्यांनीं समता संघ काढला. १९५८ सालीं त्यांच्या वयास शंभर वर्षें पूर्ण झालीं. त्या वर्षीं भारत सरकारनें त्यांना भारतरत्न ही पदवी दिली, आणि त्यांचें चित्र असलेलें टपालाचें तिकीट काढलें. मुंबईस झालेल्या सत्कारास पंतप्रधान पंडित नेहरू आले होते. ९ नोव्हेंबर १९६२ रोजीं अण्णांनीं पुण्यांत देह ठेविला. हिंगण्याच्या त्या माळास आज कर्वेनगर म्हणतात.

वाचकहो, हा वृत्तांत आम्हीं या स्मरणिकेंत कां दिला, हें सांगून लेख पुरा करतों. आपल्या वाडवडिलांनींही पोटास चिमटा घेऊन शाळा उभारल्या व मुलांना शिकविलें. घरांत दोन भावंडें शिकणारीं आणि फी एकाचीच भरतां येण्यासारखी, असा पेंच ज्या घरांत पडला नाहीं असें घर आपल्यांत विरळा. अशा वेळीं बहुधा थोरल्या मुलीची शाळा सुटली. धाकटा भाऊ शिकून मोठा झाला, त्याचें नांव झालें, आणि बहीण चुलीपाशीं राहिली. भावाच्या यशांत तिचा वाटा किती, हें कोणीं मोजलें नाहीं. आज दिवस पालटले आहेत, तरी मुलीचें लग्न ठरलें कीं तिचें शिक्षण अर्ध्यावर सोडविणारे पालक अजूनही आमच्या भेटीस येतात. त्यांना आम्ही विनवितों कीं, घरांतील एकाच्या शिक्षणाची किंमत दुसऱ्याकडून न विचारतां वसूल करूं नका.

दुसरें सांगणें निधीविषयीं आहे. ज्युबिलीनिमित्त पुष्कळांनीं उदार हातानें देणग्या दिल्या आहेत व देणार आहेत. देणाऱ्या गृहस्थांना आमची एवढीच सूचना आहे कीं, रकमेचा आंकडा आधीं घरांत बसून पत्नीच्या संमतीनें ठरवावा. दोघांनीं मिळून दिलेले दहा रुपये आम्ही एकट्यानें दिलेल्या शंभरांहून आनंदानें स्वीकारूं.

तिसरें सांगणें तरुणांस आहे. आपल्या धर्मग्रामांत अजून कित्येक वृद्ध आजीबाई हयात आहेत. शाळेच्या बांधकामास कोणीं पाणी वाहिलें, परगांवच्या शिक्षकांचें जेवण कोणाच्या घरीं होई, कोणीं दागिना गहाण ठेवून मुलाची फी भरली, हें त्यांना ठाऊक आहे, आणि तें कोणत्याही पाटीवर लिहिलेलें नाहीं. कावेरीबाईंप्रमाणें वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. त्या सांगतील तें त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. तक्रार असेल तर तीही लिहा. पुढील ज्युबिलीची स्मरणिका सिद्ध करणाऱ्यांस या वहीचा आमच्या या लेखाहून अधिक उपयोग होईल. दयाळू परमेश्वर त्या वृद्ध मातांना आयुष्य देवो, आणि त्यांचें ऐकून घेण्याची सुबुद्धि आपणां सर्वांस देवो, अशी आमची प्रार्थना आहे.